लेझरच्या काचेवरचं कुंकू

कुंकवाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. नाहीतर लोक लगेच म्हणतील, ही बाई देव मानत नाही. मी मानते. पण लेझरच्या काचेला कुंकू लावणाऱ्याला मी शहाणा मानत नाही, मग तो कारखान्याचा मालक का असेना.

साताऱ्याच्या एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना. विमानात बसवायच्या वायरींचे जुडगे आम्ही बांधतो. प्रत्येक वायरीवर जागोजागी तिचा नंबर लागतो, म्हणजे बिघाड झाला तर कोणती वायर कुठे जाते ते कळतं. पूर्वी हा नंबर तापवलेल्या ठशाने दाबून उमटवायचे. ठसा जरा जोरात बसला की वरच्या आवरणाला चीर पडायची, आणि तेवढ्याने विमानात आग लागू शकते. म्हणून लेझरचं मशीन आलं. त्याचा किरण आवरण दाबत नाही की कापत नाही, नुसता त्याचा रंग पालटतो. हे मशीन पाच वर्षं माझ्या हाती होतं. नंबर घातलेल्या वायरीच्या रिळावर माझा ‘पास’चा शिक्का बसल्याशिवाय ते पुढे जात नसे. माण तालुक्यातल्या माझ्या माहेरी मी हे भरपूर मिरवलं होतं.

गेल्या खंडेनवमीला मालकांनी स्वतः मशीनांची पूजा केली. माझ्या मशीनपाशी आल्यावर त्यांनी झाकण उघडलं आणि किरण जिथून बाहेर पडतो त्या काचेकडे कुंकवाचं बोट नेलं.

"आवं साहेब, तिथं नगा. भाईर लावा की," मी म्हटलं.

"खरं काम आत होतंय आणि कुंकू बाहेर लावू?" असं म्हणून त्यांनी काचेवर पाच बोटं ओढली. आम्ही अकरा बायका तिथेच उभ्या होतो. नंतर त्यांनीच रुमालाने काच पुसली. पुसली कसली, सारवली. तिला हात लावायची मला परवानगी नव्हती, ते इंजिनिअरचं काम.

दसऱ्यानंतर पहिली तीन रिळं निघाली ती पुसट. अक्षरांचा गडदपणा मोजायचं एक यंत्र असतं, त्याने तिन्ही नापास केली. मी मशीन थांबवलं. मालकांनी वायर डोळ्यांजवळ धरली. "तुमचे हात तेलकट असणार. डोकं चोपडून येता तुम्ही बायका." एवढ्यावर थांबले नाहीत. म्हणाले, "जुन्या ठशाखालून एकदा फिरवून घ्या, गडद होईल. माल आजच जायचाय."

माझं डोकंच फिरलं. माझा भाऊ फौजेत आहे, सुट्टी संपली की विमानात बसून वर बर्फात जातो. ज्या ठशाला घालवायला हे मशीन आणलं, त्याच ठशाखाली वायर घालायची आणि वर माझा शिक्का मारायचा? नापास वायरीचे तुकडे करून टाकायचे, म्हणजे चुकूनही ती कुणी वापरणार नाही, हा कारखान्याचाच नियम. मी कटर घेतला आणि मालकांच्या देखत तिन्ही रिळं आडवी तोडली.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून इंजिनिअर आला. त्याने काचेवरून कापूस फिरवला तर कापूस लाल. "हे कुणी केलं?"

मालक हसले. "बायका हो. पूजा म्हटली की ऐकतात कुठे?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "आमी न्हाई साहेब. तुमीच लावलंसा, मी नगा म्हणत असताना."

मालक बाकीच्या बायकांकडे वळले. "कुणी बघितलं का मला लावताना?" दहाच्या दहा जणी मान खाली घालून वायरी बांधायला लागल्या. इतका राग मला मालकांचाही आला नव्हता.

त्याच दुपारी माझा शिक्का काढून घेतला आणि मला पॅकिंगला टाकलं. संध्याकाळी गेटबाहेर माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईने माझा हात घट्ट धरला. "लय बेस बोललीस गं. आमा सगळ्यांस्नी पटलं."

"मग आत का गं गप बसलीस?"

"काय करू? उद्यापास्नं तुझ्या मशीनवर मला बसवलंय."

"पुसट रीळ निघालं तर तोडशील का?" मी विचारलं.

तिने माझा हात सोडला.