टाकीचा आवाज मी बंद केला

आमच्या परभणीत नळाला पाणी येतं आठ-दहा दिवसांनी, आणि आमच्या हॉलमध्ये मात्र समुद्र! चार फुटी काचेची टाकी, बादल्या भरून मागवलेलं समुद्री मीठ, नारंगी-पांढरे मासे आणि दगडाला चिकटलेली जिवंत पोवळी, म्हणजे ह्यांच्या भाषेत कोरल. माणसाला शौक असावा, माझं काही म्हणणं नाही. पण ह्या शौकाच्या पंपाला इन्व्हर्टर होता आणि माझ्या आईच्या खोलीतल्या पंख्याला नव्हता, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आई खुब्याचं हाड मोडून माझ्याकडे आली. मी एकुलती एक, वडील आधीच गेलेले, वालूरकडच्या त्या खेड्यात तिला बघणार कोण? हॉलला लागून असलेल्या खोलीत तिची कॉट टाकली. मधल्या भिंतीला अलीकडून टाकी, पलीकडून आईचं उसं. टाकीतलं वरचं पाणी कोपऱ्यातल्या खणात सांडायचं, तिथून एका पाइपानं खालच्या कपाटातल्या दुसऱ्या टाकीत पडायचं आणि पंप ते परत वर चढवायचा. पडताना जो गडगडाट व्हायचा! कोणीतरी दिवसभर हंडेच्या हंडे मोरीत ओततंय असं वाटायचं.

एकदा मी स्वयंपाकघरातून तिच्यासाठी पेज घेऊन गेले, तर अंथरूण ओलं.

"तीनदा बोलवलं गं बाई तुला," एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. जावयाच्या घरी असं झालं म्हणून ती दिवसभर जेवली नाही. मोरीत चादर धुताना मला रडू येत होतं आणि तळपायाची आग मस्तकाला जात होती. देवघरातली घंटी तिच्या हाताशी नेऊन ठेवली. "घंटी वाजवून लेकीला बोलवू? मी काय साहेब हाय?" म्हणत तिनं ती उशीखाली सारली. ह्यांना म्हटलं, दिवसाचा तरी पंप बंद ठेवा. तर म्हणाले, "कोरल मरतील." आईचं काय, ते काही बोलले नाहीत.

मग मीच पदर खोचला. शाळेत विज्ञान शिकवते, आणि वडिलांच्या मोसंबीत ठिबकच्या नळ्या अंथरण्यात माझं लहानपण गेलेलं. पाइप गुरगुरला की वडील कान लावून सांगायचे, "हवा शिरली." आवाज पाण्याचा नसतोच मुळी, पाण्याबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेचा असतो. उत्तरपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर आकृती काढली. एकाऐवजी तीन पाइप. पहिल्याला कॉक, तो एवढाच उघडा ठेवायचा की खणातलं पाणी त्याच्या तोंडावर चढून राहील आणि हवेला आत शिरायला जागाच उरणार नाही. उरलंसुरलं पाणी दुसऱ्यातून भिंतीला धरून गुपचूप उतरेल. तिसरा उंच आणि कोरडा, पहिले दोन तुंबले तरच कामाला येणारा. पाइपाच्या दुकानदारानं विचारलं, "मॅडम, बोअरचं काम काढलं का?" हो म्हटलं. समुद्र कुठं सांगत बसू!

दोन रविवार गेले. सगळं जोडून झाल्यावर खाली बसून कॉक आवळत गेले, थोडा आवळायचा, थांबायचं, परत थोडा. गडगडाटाची गुरगुर झाली, गुरगुरीची नुसती कुजबुज, आणि मग काहीच नाही. हॉलमधलं घड्याळ टिकटिकतं हे मला त्या दिवशी कळलं. खरं सांगते, इतका आनंद मला निकालाच्या दिवशीसुद्धा झाला नव्हता. हे लगेच येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला लागले, "आमचं डिझाइन!" आमचं म्हणे! म्हटलं, घ्या. मला आता आईची हाक ऐकू येणार होती, बाकी काय ते तुम्ही घ्या.

चार दिवस आईनं एकदाही हाक मारली नाही. मला वाटलं उतार पडला. कप्पाळ माझं!

पाचव्या दिवशी तिचं लुगडं बदलताना पदर हातात आला. टोक ओलंचिंब, दातांनी चावून भोकं पडलेली.

"आई, दुखतंय?"

"लय न्हाई."

"मग हे काय?"

तिनं आधी दाराकडे पाहिलं. हॉलमध्ये हे पेपर वाचत बसले होते, दुपारी घरीच असतात. मग मला खाली ओढून कानाशी म्हणाली, "पहिलं त्या पाण्याच्या आवाजात कण्हलं तरी कुनाला कळत नव्हतं. तू शाळेत गेलीस की मी पोटभर रडून घ्यायची. आता खोकलं तरी जावईबापूला ऐकू जायलंय. लेकीच्या घरी पडून गळा काढायचा व्हय?"

"चुलीत घाल तुझी ती लाज!" मी तिच्यावरच ओरडले. तिनं घाबरून माझ्या तोंडावर हात ठेवला.

बाहेर येऊन ह्यांना सांगितलं. पेपर खाली न करता म्हणाले, "मी काही बोललो का त्यांना?" नव्हतेच बोलले. कधीच काही बोलले नव्हते. दुखतंय का, एवढंसुद्धा नाही.

मी कपाटाचं दार उघडलं, खाली बसले आणि कॉक पूर्ण सोडला. खणातलं पाणी खाली गेलं, पाइपानं हवा ओढली आणि गडगडाट सुरू झाला.

"अगं, बिघडवलंस की सगळं!" हे धावत आले.

"बिघडू दे," मी म्हटलं.

आईच्या दाराशी गेले. तिनं पदर तोंडातून काढला होता. डोळे मिटलेले, तोंड उघडलेलं, मानेच्या शिरा ताणलेल्या. माझी आई कण्हत होती. आणि दारात उभं राहून मला नुसतं पाणी ऐकू येत होतं.