गॅरेथची बहीण हरली तेव्हा

कंडेन्स्ड मिल्कच्या कॉफीचा वास आला की मला गॅरेथच्या बहिणीचा पराभव आठवतो.

दोन हजारच्या दशकात सिंगापूरला, क्लेमेंटीजवळच्या विद्यापीठात आम्ही एकाच लॅबमध्ये होतो. गॅरेथ वेल्सचा. त्याची बहीण तिथल्या त्यांच्या मतदारसंघातून पार्लमेंटसाठी उभी होती. कॉफी पीत आम्ही कॉम्प्युटरवर अडखळत येणारा निकाल बघत होतो. तिथे सगळे उमेदवार, हरणारेसुद्धा, एकाच स्टेजवर उभे राहून आपापली मतं ऐकतात. अधिकाऱ्याने आकडे आधी वेल्श भाषेत वाचले, मग इंग्रजीत. बहीण शेवटची आली, डिपॉझिटही गेलं. तरी ती माइकसमोर आली आणि फक्त वेल्शमध्ये बोलली.

"इंग्रजीत का नाही बोलली? बाकीच्यांना कसं कळणार?" मी विचारलं.

"शिकतील," गॅरेथ कॉफी ढवळत म्हणाला. "पुढच्या वेळीही ती उभी राहणारच आहे."

त्याच आठवड्यात सईच्या शाळेतल्या टीचरने मला बजावलं होतं, मुलीशी घरी इंग्रजीतच बोला. मी मुकाट मान डोलावून आले होते. त्या संध्याकाळी मात्र दारातूनच, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "सई, हातपाय धुतलेस का गं?"

उत्तर इंग्रजीतच आलं. अजूनही तसंच येतं. तेव्हा मला गॅरेथची बहीण हरलेली वाटली होती. आता नाही वाटत.

आज हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉल्सच्या गर्दीत, नोकरदार सई समोर बसून इथल्या ढंगात कुजबुजली, "आई, स्पीक इंग्लिश लाह. नोबडी अंडरस्टँड्स."

"शिकतील," मी म्हटलं.