मी वाचलेली पाटी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्यांनाही मागच्या महिन्यापर्यंत नाही. आमच्या घरात माझं नाव चांगलं आहे ना! वंदना नणंदेसाठी किती करते, असं सगळे म्हणतात. मी मान खाली घालते, आणि लोकांना तो विनय वाटतो.

बाई म्हणजे माझी मोठी नणंद. सिंदेवाहीजवळ त्यांची धानाची शेती. मी घुग्घुसला शाळेत शिकवते, आधी दोनेकदा विमानात बसलेली — म्हणजे आमच्याकडच्या मानानं जग पाहिलेली. कॅन्सरमुळे बाईंचं एक स्तन काढावं लागलं, तेव्हा नागपूरच्या दवाखान्यात त्यांच्याजवळ मीच होते. गावात कुणाला कळू द्यायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली. बायका आधी कीव करतात, मग कुजबुजतात, असं त्यांचं म्हणणं. घरी आल्यावर त्यांनी जुन्या लुगड्याची एक लहानशी उशी शिवली, पोलक्यात ठेवायला. आत कापूस भरला. पण कापूस पडला हलका, ती वर सरकायची. मग त्यांनी काय करावं? तळाशी मूठभर धान भरलं, घरचंच. वजन बरोबर बसलं. मला ते दाखवताना त्या अशा हसल्या, की कित्येक महिन्यांनी मला माझ्या जुन्या बाई दिसल्या.

तर ते धान मला माहीत होतं. एकट्या मलाच माहीत होतं.

पुढे त्यांच्या लेकीला मुलगा झाला म्हणून आम्ही दोघी दक्षिणेकडच्या एका मोठ्या शहरात गेलो. परतताना विमानतळावर ते नवीन यंत्र. आत हात वर करून उभं राहायचं, कपड्यांखाली काही असलं की पडद्यावर खूण उमटते. बाजूला पाटी होती — इंग्रजीत आणि तिथल्या भाषेत. यंत्र नको असेल तर सांगा, महिला कर्मचारी पडद्याआड हातानं तपासणी करेल. मी ती पाटी वाचली. पूर्ण वाचली.

रांगेत बाईंनी माझा पदर ओढला. "वंदना, याच्यात आंगावरचं दिसते का वो?"

"नाई बाई, काईच दिसत नाई. नुसता दरवाजा आहे."

का म्हटलं मी असं? विमान सुटायची भीती होती? छे, वेळ भरपूर होता. मग? — मागे इस्त्रीच्या कपड्यांतली, कानात काहीबाही घातलेली माणसं उभी होती. यंत्राला बिचकणारी खेड्यातली बाई माझ्यासोबत आहे, हे त्यांना दिसायला नको होतं. एवढंच. याहून मोठं कारण असतं तर मलाच बरं वाटलं असतं. तिथल्या कर्मचारी मुलीनं हिंदीत विचारलं, चालेल ना? बाईंनी माझ्याकडे पाहिलं. आणि त्यांच्या वतीनं मी म्हणाले, चलेगा.

पडद्यावर माणसाची आकृती आली, आणि छातीवर पिवळा चौकोन. तो आम्हाला दिसला, तसा मागच्यांनाही दिसला.

त्या मुलीनं काही वाईट केलं नाही. ती हळू आवाजात काही सांगत बाईंना कोपऱ्यातल्या कापडी पडद्याकडे घेऊन निघाली. बाई वळून म्हणाल्या, "तू बी ये ना." आणि मी — मी बॅगांकडे बोट दाखवलं. एवढ्या पोलिसांदेखत बॅगा कोण पळवणार होतं? पण मी बॅगांपाशी उभी राहिले.

त्या परत आल्या तेव्हा पोलक्याचा एक हुक लागायचा राहिला होता. मुठीत धान होतं. शिवण उसवून दाखवावी लागली होती. मशीन नवीन आहे बाई, मलाही माहीत नव्हतं, असं मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. नागपूर येईपर्यंत पदर छातीशी घट्ट धरून बसल्या.

त्यानंतर बाई कुठेच जाईनात. लग्नाला नाही, लेकीकडे नाही. नातू रांगायला लागला, चालायला लागला, तो त्यांनी फोनवरच पाहिला. तब्येत बरी नसते, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटत असूनही मी गप्प होते.

मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. "नातवाले कडेवर घ्याचं हाये. चाल." गेलो. परतताना तोच विमानतळ, तेच यंत्र. मी तोंड उघडणार होते — निदान तसं मला वाटायला आवडतं. पण बाई माझ्यापुढे होत्या. त्यांनी हात वर केला.

"मले मशीन नाई पायजे. बाईमाणसाले बोलवा, परद्यामांगं."

रांग थांबली. कुणाचं काही बिघडलं नाही. या वेळी मी आत गेले. तिथल्या मुलीनं आधी विचारलं, हात लावू का? बाईंनी क्षणभर विचार केला. "लाव," म्हणाल्या. मग आपणहून सांगितलं, आमच्या वावरातलं धान हाये. ती मुलगी हसली, बाईही हसल्या. असं हसता येतं हे मला कधी सुचलंच नव्हतं.

बाहेर खुर्चीवर बसून चपला घालताना त्या म्हणाल्या, "नाई म्हणता येते, हे मले मागच्या बखती त्या पोरीनं सांगतलं. पाटीवर लिवलं हाये म्हणे." मग माझ्याकडे वळून, "तू वाचली होतीस?"

खोटं जिभेवर तयार होतं.

"वाचली होती, बाई. त्याच बखती. आन् तुमाले नाई सांगतलं."

त्यांनी दुसरी चप्पल पायात सरकवली, पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "आता मोठ्यानं वाचत जाय."

मी माफी मागितली नाही. मागितली असती तर ती देण्याचं काम पुन्हा त्यांच्याच गळ्यात पडलं असतं. समोरच्या फलकावर नागपूरच्या विमानाचं नाव लागलं. मी ते मोठ्यानं वाचलं.