डिलिया रुएनचं आडनाव

लिव्हरपूलच्या गोदीमागच्या धुलाईघरात डिलिया रुएन माझ्या शेजारच्या हौदावर कपडे धुवायची. आईबाप आयर्लंडमधून बोटीनं आलेले, ही मात्र इथंच जन्मली. चौदाव्या वर्षी शाळा सुटली, वाचन सुटलं नाही. चादरी उकळेपर्यंत ती साखरेच्या कागदी पिशव्यांवर लिहीत बसायची. आम्ही बायका काय बोलतो, कशावर हसतो, आणि माणूस परक्या मुलखाला आपलं कधी म्हणू लागतो, असलं काहीबाही.

एकोणीसशे एक्कावन्न साली पुस्तक पुरं झालं. लंडनच्या एका प्रकाशकाला ते आवडलं, पण त्यानं कळवलं, 'आडनाव बदला. इंग्लंडबद्दलचं पुस्तक आयरिश नावानं कोण घेईल? डिलिया कार्टर कसं वाटतं?'

पत्र तिनं घरी चहाच्या वेळी आम्हाला वाचून दाखवलं. तिची आई, ऊनाबाई, पाव कापत होती.

"घे की बदलून. अंगाला काय भोकं पडतायत?"

"आई, तू असं म्हणतेस?"

"मग! अकरा वर्षं मी मेरी ग्रीन होते. बंगल्यात मोलकरीण हवी होती, आयरिश नको होती. तुझा बाप गेला तेव्हा मालकिणीनं फुलं पाठवली, मिसेस ग्रीनच्या नावानं. फुलांवरची चिठ्ठी चुलीत घातली मी, तुम्हा पोरांना दिसू नये म्हणून."

डिलियाला हे ठाऊकच नव्हतं. तिनं पत्राची घडी घातली.

"मग तर मुळीच नाही," ती म्हणाली.

"गाढवे, पुस्तक यायला नको का?"

"येईल. रुएन म्हणूनच येईल."

माझा कोट घालून ती लंडनला गेली. तिचा कोपरावर फाटला होता. प्रकाशकानं विचारलं, "तुम्ही नक्की कोण? इंग्लिश की आयरिश?"

"तेच सांगायला दोनशे पानं लागली मला. वाचलीत ना?"

त्यानं पानांचा गठ्ठा परत दिला. पुढं चार वर्षांत सात ठिकाणांहून तो परत आला. पोस्टमन चिडवायचा, "बाई, तुमचं कबूतर आलं बघा घरी!" ती दोरी सोडायची, मळलेली पानं पुन्हा लिहायची आणि आठवड्याभरात गठ्ठा पुढच्या पत्त्यावर रवाना.

शेवटी मँचेस्टरच्या एका प्रकाशक बाईनं पुस्तक छापलं. नावासकट.

पहिली प्रत आली तेव्हा मी तिथंच होते. ऊनाबाईला अक्षरओळख नव्हती. डिलियानं तिचं बोट धरून आडनावावर ठेवलं.

"हे आपलं?"

"आपलं."

म्हातारीनं एप्रनला डोळे पुसले. "बारीक छापलंय मेल्यांनी," ती म्हणाली, आणि पुस्तक रस्त्याकडं तोंड करून खिडकीत उभं केलं.