आवाज करणारा जावई

सासुरवाडीला आलेल्या जावयाला काय हवं असतं, याबद्दल मराठी बायकांची पिढ्यान्‌पिढ्या एक ठाम समजूत आहे, आणि ती खोटी पाडण्यासाठीच देवाने आमचे जावई घडवले असावेत. इतरांच्या जावयांना पुरणपोळी आवडते. आमच्यांना ती पोळी उलटताना तव्यावर उलथनं घासल्याचा आवाज आवडतो. इतरांचे जावई जेवून उठले की तृप्तीचा ढेकर देतात. आमचे दुसऱ्याने दिलेला ढेकर मान तिरकी करून ऐकतात आणि ‘छान होता’ अशी मनापासून दाद देतात. डोळे, नाक, जीभ ही इंद्रियं देवाने त्यांना केवळ रिवाज म्हणून दिली असणार. खरा खर्च झालाय तो कानांवर.

स्नेहलने, म्हणजे आमच्या लेकीने, त्यांना पहिल्यांदा मीरा रोडला, पूनम सागर सोसायटीतल्या आमच्या घरी आणलं तेव्हा मी पोहे घेऊन बाहेर आले, तर हे गृहस्थ सोफ्यावर बसत होते, उठत होते, पुन्हा बसत होते. मला वाटलं, बिचाऱ्याला बसायच्या जागी गळू झालं असेल, लाजेने सांगत नाहीये. शेवटी त्यांनीच खुलासा केला. ‘‘आई, ह्या सोफ्याची स्प्रिंग फार सुंदर बोलतेय. दुरुस्त नका करू हां.’’ लग्नाआधीच मला आई म्हणून टाकलं ते असं, स्प्रिंगच्या भरात. आमचे हे तेव्हा आख्ख्या पूनम सागरमधले सगळ्यात बोलके गृहस्थ होते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवर बोलायला उभे राहिले, की टाकी भरून वाहून जाईपर्यंत खाली बसत नसत. त्यांनी घसा खाकरून रीतसर विचारलं, ‘‘काय करता आपण?’’

‘‘आवाज करतो,’’ पाहुणे म्हणाले.

‘‘म्हणजे?’’

‘‘गेमसाठी. मोबाइलवर, कॉम्प्युटरवर पोरं खेळतात ना, त्यात कुणी चाललं, दार उघडलं, राक्षस पडला, की जो आवाज येतो तो मी बनवतो. घरातल्याच वस्तूंमधून.’’

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग अतिशय सौम्य आवाजात ते म्हणाले, ‘‘आमच्या वरच्या मजल्यावरची मुलं सकाळपासून हेच करतात. त्यांना आम्ही नोटीस पाठवलीय.’’

पाहुणे इतक्या मोकळेपणाने हसले की तिथेच अर्धं लग्न ठरलं. उरलेलं अर्धं ठरलं ते त्यांच्या घरी, खारी गावात. एके काळी मिठागरांच्या मधोमध असलेलं त्यांचं घर, आता चहूबाजूंनी टॉवर. त्यांच्या आईंनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, ‘‘ताई, येडा न्हाय हाय माझा पोर. फकस्त त्याचं कान मोठं हाईत. ल्हानपनी मी भांडी घासाला बसली का बाजूला येऊन बसाचा. मना वाटाचं मदत करील. कसली मदत! ऐकत बसाचा.’’ विहीणबाईंनी इतक्या खरेपणाने दिलेली सूचना मी तेव्हा कौतुक समजून घेतली, ही माझी गफलत.

कारण लग्नानंतर आमच्या घरातली एकही वस्तू वस्तू म्हणून शिल्लक राहिली नाही. जावईबापू आले की आधी स्वयंपाकघरात जातात आणि जुने मित्र भेटावेत तसे डब्यांना भेटतात. पोलिसांनी संशयिताला न्यावं तशी माझी खलबत्त्याची जोडी त्यांनी एकदा चौकशीसाठी खारीला नेली. कॉर्नफ्लोअरची पिशवी हाताने दाबली की बर्फावरून चालल्यासारखं वाटतं, हे मला मीरा रोडमध्ये बसून कळलं. इथे बर्फ फक्त मासेवाल्याकडे मिळतो. छत्री फटकन उघडली की गरुड उडतो. जुन्या कॅसेटची फीत कुस्करली की गवतातून कुणी तरी येतं. ओलं फडकं परातीत आपटून त्यांनी एकदा जो आवाज काढला, तो कशाचा हे मी विचारलं नाही आणि ते फडकं मी पुन्हा वापरलंही नाही. आणि हे सगळं कॉम्प्युटरवर तयार मिळतं असं स्नेहलनेच मला सांगितलं होतं, म्हणून मी एकदा विचारलं, की मग हा खटाटोप कशाला? तर म्हणाले, ‘‘मिळतात ना आई. पण ते सगळ्यांचेच असतात. एकच दरवाजा शंभर गेममध्ये करकरतोय. मला आपल्या घरचा दरवाजा पाहिजे.’’ दरवाजाच्या बिजागरीला तेल घालायचं मी बंद केलं.

त्यांच्याबरोबर भाजीला जाणं म्हणजे तर शिक्षाच. शेवग्याची शेंग ते कानाजवळ नेऊन मोडतात, कारण गेममध्ये हाडं मोडतात ती शेवग्याची असतात. एकदा भाजीवाल्याला म्हणाले, ‘‘भैया, ये नहीं चलेगा. इसमें हड्डी का आवाज नहीं आ रहा.’’ भाजीवाल्याने शेंग हातात घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि अत्यंत काळजीने विचारलं, ‘‘आंटी, साहब की तबीयत ठीक है ना?’’ मी ‘दामाद है’ एवढंच म्हटलं. त्याला ते पुरलं असावं, कारण त्याने मूठभर कोथिंबीर जास्त दिली.

आवाज टिपायची जागा म्हणजे आमच्या बेडरूममधलं कपाट. बाहेर रिक्षा, बांधकामं आणि वरची मुलं. शांतता म्हणून काय ती आमच्या कपाटात, माझ्या साड्या आणि गोधड्यांच्या मध्ये, असा त्यांचा शोध होता. त्यामुळे भर दुपारी कपाटातून घोडा दौडल्याचा आवाज यावा, दार उघडावं तर आत करवंट्या घेऊन घामाघूम जावई बसलेले असावेत, याची मला सवय झाली. अधिक महिन्यात त्यांना वाण द्यायला मी चांदीचं निरांजन आणलं, तर त्यांनी ते कौतुकाने पाहिलं, नखाने हळूच वाजवलं आणि संकोचून म्हणाले, ‘‘आई, राग नसेल तर ह्याच्याऐवजी ती फुटक्या झाकणाची मिक्सरची बरणी द्याल?’’ जावयाला फुटकी बरणी दिली म्हणून माझ्या जाऊबाई अजून मला ऐकवतात.

असं सगळं हसतखेळत चाललेलं असताना एका सकाळी दाढी करता करता आमचे हे खाली कोसळले. मेंदूत रक्ताची गाठ. माणूस वाचला, उजवा पाय हळूहळू जागेवर आला, हातही थोडा थोडा हलू लागला. पण शब्द गेले. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की त्यांना सगळं कळतंय, काय म्हणायचंय तेही ठाऊक आहे, पण शब्द ओठांपर्यंत येत नाहीत. पाण्याला ‘पाणी’ म्हणायला जावं तर कधी ‘चावी’ येई, कधी नुसताच घशातून घरघराट. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. पोरांना शब्द फुटावेत म्हणून केलेल्या साऱ्या युक्त्या मला पाठ होत्या, आणि त्यातली एकही घरात चालेना. वाचा शिकवायला एक मुलगी येई, फार गोड मुलगी. ती चित्रांची कार्डं दाखवायची, ‘‘काका, हे काय आहे? आं... आं...’’ एक दिवस ह्यांनी तो आंबा भिरकावून दिला. त्यानंतर दाराची बेल वाजली की ते उठून आतल्या खोलीत जात आणि पाहुणा जाईपर्यंत बाहेर येत नसत. ज्या माणसाला लिफ्टमध्ये अनोळखी कुणी भेटलं तरी गाव आणि आडनाव विचारल्याशिवाय तळमजला येत नसे, तो माणूस बेलला घाबरू लागला. घरात इतकी शांतता झाली की जावईबापूंना कपाटाची गरजच उरली नसती.

पण ते दिवस त्यांच्याही कसोटीचे होते. त्यांच्या नव्या गेममध्ये खाडीच्या चिखलात झोपलेला एक म्हातारा प्राणी होता, टेकडीएवढा. त्याला बोलता येत नाही, पण तो काय म्हणतोय ते खेळणाऱ्याला कळलं पाहिजे, अशी अट. त्याचा आवाज काही केल्या सापडत नव्हता. ओल्या फरशीवर पाटा ओढून झाला, गटाराच्या पाइपात फुंकून झालं. पालीच्या समुद्रकिनारी जाऊन वाळूवरून होड्या ओढतानाचा आवाज आणून झाला. एका गोठ्यात म्हशीच्या तोंडाशी माइक धरला, तर म्हशीने माइकची केसाळ टोपी वासरू समजून चाटून काढली. सगळे आवाज मोठे होते, पण त्यांच्या मते ‘‘त्यांना काय सांगायचंच नाहीये, आई.’’

आणि मग तो रविवार. आम्ही जेवायला बसलो होतो. ह्यांना काही तरी हवं होतं, मीठ असेल किंवा लिंबू, पण शब्द अडला. त्यांनी जोर लावला, कपाळाची शीर फुगली, आणि आतून, पार पोटातून, एक लांबलचक घोगरा आवाज आला. संताप, लाज, हाक, सगळं त्यात एकत्र. स्नेहलने मान खाली घातली. मीही ताटात बघू लागले. आणि जावईबापू घास टाकून उभे राहिले. ‘‘बाबा!’’ ते ओरडले. ‘‘बाबा, अजून एकदा कराल?’’

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्यांना हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. ‘‘जावई असाल तुम्ही,’’ मी म्हटलं, ‘‘पण ह्या घरात त्यांच्या आजाराची थट्टा होणार नाही.’’

त्यांचा चेहरा एकदम उतरला. ‘‘थट्टा? आई, मी इतके दिवस जो आवाज शोधतोय तो हाच आहे. त्यांनाच विचारूया ना. नको म्हणाले तर विषय संपला. पण तुम्ही सगळे खाली बघता, ते त्यांना बरं वाटतंय का?’’

तेवढ्यात बाहेरून तोच आवाज पुन्हा आला. पहिल्यापेक्षा मोठा, लांब, आणि शेवटी जरा वर चढवलेला. मी धावत बाहेर आले. आमचे हे ताठ बसले होते आणि डाव्या हाताने जावयाला खुणावत होते, की अरे, ते तुझं केसाळ यंत्र घेऊन ये.

त्यानंतरच्या दुपारी मी आयुष्यभर विसरणार नाही. कपाटात खुर्ची मावेना म्हणून जावईबापूंनी पलंगावर गोधड्यांचा तंबू केला आणि त्यात सासरे-जावई बसू लागले. ‘‘बाबा, आता तो जागा होतोय.’’ मग तंबूतून गुरगुर. ‘‘आता त्याला भूक लागलीय.’’ ‘‘आता कोणी तरी त्याच्या पाठीवर घर बांधतंय, आणि त्याला विचारलेलं नाही.’’ ह्यावर जो आवाज निघाला, त्यात सोसायटीच्या साऱ्या मीटिंगांचा राग होता. जावई चांगलं म्हणाले तरी ह्यांना पटलं नाही तर ते मान हलवत आणि सगळं पहिल्यापासून करायला लावत. उजव्या हातात कॉर्नफ्लोअरची पिशवी देऊन जावई त्यांच्याकडून प्राण्याची पावलं करून घेत. व्यायामाला कुरकुरणारा तो हात तासभर बर्फ तुडवत बसे. एकदा वाचा शिकवणारी मुलगी आली, तिने तंबूत डोकावलं, आणि कार्डं पिशवीत ठेवून तीही आत जाऊन बसली. एकदा प्राण्याला हसवायचं होतं. ते काही केल्या जमेना. शेवटी जावईबापूंनी त्यांना म्हशीची हकिगत सांगितली. आजारानंतर ह्यांचं हसू मी पहिल्यांदा ऐकलं ते गोधडीबाहेर उभी राहून, हातात लाटणं घेऊन.

गेम तयार झाला तेव्हा जावईबापूंनी तो आमच्या टीव्हीला जोडून दाखवला. मला त्यातलं फारसं कळलं नाही. कुणी तरी सारखं पळत होतं. पण चिखल हलला, त्या प्राण्याने डोळा उघडला आणि तो बोलला, तेव्हा शेजारच्या शहाबाई पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, ‘‘अरे बापरे, बिचारा कितना अकेला है!’’ शहाबाईंनी बेल वाजवली होती, आणि हे आत गेले नव्हते.

शब्द सगळे परत आले असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. काही आले, काही वाटेत आहेत, काहींची आम्ही दोघांनी आशा सोडलीय. पण मागच्या महिन्यात जावईबापू एकटेच आले, माझ्या कानांवर हेडफोन चढवले आणि म्हणाले, ‘‘आई, हे गेममध्ये नाहीये. दोन आवाजांच्या मधलं आहे. साफ करताना सापडलं. मी कापलं नाही.’’ आधी नुसता श्वास. गोधडी सरकल्याची खसखस. लांब कुठे तरी कुकरची शिट्टी. मग स्वयंपाकघरातून माझा स्वतःचा आवाज, दारं-भिंतींतून दबून आलेला, ‘‘अहो, चहा टाकू का?’’ आणि लगेच, अगदी माइकजवळ, बेसावध, काही न अडखळता, ‘‘टाक.’’

त्या दुपारी ते ना मला ऐकू आलं होतं, ना ह्यांच्या लक्षात आलं होतं. जगात एकाच माणसाच्या कानांनी ते पकडलं, आणि जपून ठेवलं. मला जावईबापूंचे आभार मानायचे होते, पण मी म्हटलं ते एवढंच, ‘‘अजून एकदा लावाल?’’ ते मात्र बिचारे अवघडून बाजूच्या पंख्याचं बटण टकटक वाजवून बघत बसले.

आता रोज दुपारी मी स्वयंपाकघरातूनच विचारते, मुद्दाम, ह्यांच्याकडे पाठ करून, जणू मला काही खास ऐकायचं नाहीये. कधी उत्तर येतं, कधी येत नाही. पाणी उकळायला लागलं तरी मी घाई करत नाही. गॅस बारीक करते आणि जरा वेळ तशीच उभी राहते.