दमवाली जनाबाई

जनाबाई अंगाला हात लावायच्या आधी थांबायच्या. तेलानं माखलेला तळवा माणसाच्या पाठीवर बोटभर अंतरावर धरून ठेवायच्या आणि तो श्वास सोडेल त्या क्षणी हात टेकवायच्या. कुणी अंग आकसून बसलं असेल तर कितीही वेळ लागो, हात तसाच अधांतरी. "दम सोड बाई, दम," एवढंच म्हणायच्या. त्यावरून सगळं गाव त्यांना 'दमवाली' म्हणायचं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रह्मपुरीपासून आत, धानपट्ट्यातल्या त्या गावी मी उपकेंद्रावर नर्स म्हणून गेले. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात माझं पहिलं मूल अकरा दिवसांचं होऊन गेलं होतं. मी गावात कुणाला सांगितलं नव्हतं. लसीकरणाच्या दिवशी जनाबाई ओट्यावर येऊन बसल्या, बराच वेळ मला न्याहाळत राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुमचे खांदे कानाले लागून राह्यले. काऊन?" संध्याकाळी त्या तेलाची वाटी घेऊन खोलीवर आल्या. काही न विचारता माझी मान, खांदे, पाठ चोळत राहिल्या. तिसऱ्या दिवशी मी रडले. "डोये रडत नाई, तवा अंग रडते," त्या म्हणाल्या. त्यानंतर मला झोप येऊ लागली.

चोळण्याची विद्या त्यांना सासूकडून मिळाली होती. मोहाच्या बियांचं तेल, निरगुडीच्या पाल्याचा शेक, आणि बोटांची समज. श्वासाकडे बघणं मात्र त्या विहारात शिकल्या. पावसाळ्यात मुक्कामाला आलेल्या एका भंतेंनी बौद्ध मोहल्ल्यातल्या बायकांना डोळे मिटून श्वास आत-बाहेर होताना बघायला शिकवलं होतं. बाकीच्या महिनाभरात विसरल्या, जनाबाईंनी ते आपल्या तेलात मिसळून टाकलं. शरीर, मन अशी वाटणी त्यांना ठाऊकच नव्हती. चिखलात वाकून धान रोवण्यानं कंबर धरलेल्या बाईला त्या आधी घरचं विचारायच्या, आणि घरच्या काळजीनं न जेवणाऱ्या बाईचे आधी तळपाय चोळायच्या.

मोहाची फुलं वेचायला गेलेल्या एका माणसाला अस्वलानं मारलं, तेव्हा त्याच्या बायकोची वाचाच बसली. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, घरच्यांनी उतारा केला. जनाबाई सतरा दिवस तिच्या घरी जाऊन तिची पाठ चोळत होत्या. अठराव्या दिवशी तिनं पाणी मागितलं. मी कौतुक केलं तर म्हणाल्या, "मी दुखणं काढत नाई बाई. मी त्याच्यापाशी बसतो."

वरच्या मोहल्ल्यातल्या मोठ्या घरच्या बायकाही त्यांना बोलवायच्या, चोळून घ्यायच्या आणि मग अंगावरून पाणी घ्यायच्या. मला चीड यायची. जनाबाई म्हणायच्या, त्यांचा दम तर माह्या हातानंच मोकळा झाला, आता त्याले कसं धुतील?

वनिता ही त्यांची एकुलती एक मुलगी. लहानपणापासून तिचे सांधे अधूनमधून असे दुखायचे की ती भिंतीला डोकं घासायची. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्तातच दोष आहे, कायमचा इलाज नाही, असं सांगितलं होतं. आईचा हात हाच तिचा इलाज. लग्नानंतरही दुखणं उठलं की ती माहेरी यायची. पहिल्या बाळंतपणाला ती सातव्या महिन्यातच आली.

ऐन रोवण्याच्या दिवसांत तिचं दुखणं उठलं. हातपाय, मग छाती. थोडा तापही होता. जनाबाई रात्रभर तिच्यापाशी होत्या. सकाळी त्या माझ्याकडे आल्या. एरवी त्याच इतरांना दटावून दवाखान्यात पाठवायच्या, पण त्या दिवशी माझ्या दारात उभं राहून त्यांनी विचारलं, "बाई, नेऊ का ब्रह्मपुरीले? की थांबू?"

मी जाऊन पाहिलं. वनिता आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. चेहरा शांत होता. तिनं मला सांगितलं की रात्रीपेक्षा बरं आहे, मायच्या हातानं छाती मोकळी वाटते. तिचा श्वास जलद चालला होता. तो मला दिसला. मी तो मोजला नाही. बाहेर नाला भरून वाहत होता, बैलगाडीत ती हादरली असती. आणि त्या हातांनी मला स्वतःला उभं केलं होतं. मी म्हटलं, "संध्याकाळपर्यंत पाहू."

दुपारी चारला तिचे ओठ निळे पडले. नाल्यापर्यंत गाडी, पुढे चौघांनी खाटेवर उचलून रस्त्यापर्यंत, तिथून जीप. ब्रह्मपुरी दिसू लागलं तेव्हा जनाबाई तिच्या कानाशी "दम घे माय, दम घे" म्हणत होत्या, आणि श्वास संपलेला होता.

डॉक्टरांनी विचारलं, सकाळी का नाही आणलं? कुणी थांबवलं? मी तिथंच उभी होते. माझ्या अंगावर सरकारी साडी होती. जनाबाई म्हणाल्या, "मीच थांबवलं." मी गप्प राहिले.

त्यानंतर त्यांनी कुणाला हात लावला नाही. बायका दारात येऊन बसायच्या आणि उठून जायच्या. जनाबाईंची मान आखडली, पाठ वाकली. मी तेल गरम करून नेलं. त्यांच्याच रीतीनं म्हटलं, डोळे मिटा, श्वासाकडे बघा. त्यांनी डोळे मिटले आणि लगेच उघडले.

"दम पाह्यतो तर पोरीचाच आयकू येते," त्या म्हणाल्या. मी वाटी उचलून परत आले.

दीड वर्षानं माझी बदली गडचिरोलीकडे झाली. निघायच्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले आणि जे इतके दिवस बोलले नव्हते ते सांगितलं. थांबा म्हणणारी मी होते. श्वास जलद आहे हे मला दिसलं होतं. डॉक्टरांपुढे मी बोलायला हवं होतं.

"मले मालूम आहे," त्या म्हणाल्या. "पण तुमी थांबाच म्हणसान, हेबी मले मालूम होतं. म्हणून तर मी तुमाले विचाराले आलो. डॉक्टरले विचाराले नाई गेलो."

मला त्यांनी माफ केलं की नाही, ते मला आजही सांगता येत नाही. त्यांनी गाडी किती वाजता आहे ते विचारलं, मी सांगितलं. "मंग निघा," म्हणाल्या.

पुढच्या हिवाळ्यात माझ्या जागी आलेल्या नर्सचं पत्र आलं. रजिस्टरबद्दल काही विचारलं होतं, आणि शेवटी दोन ओळी होत्या. जनाबाई गेल्या. महिनाभर खाटेवर होत्या, पण काही दुखतं का असं विचारलं की नाही म्हणायच्या, म्हणून दवाखान्यात हलवलं नाही.