आमच्या परसातलं उत्खनन

इतिहास मुलांना कृतीतून शिकवू नये, असं माझं ठाम मत आहे. पुस्तकातून शिकवावा, आणि जमल्यास वर्गाचं दार लावून.

मी अकोल्यात सातवीच्या पोरांना इतिहास शिकवतो. गेल्या हिवाळ्यात मला हुक्की आली, की पोरांकडून उत्खनन करून घ्यायचं! मातीत खापरं, मणी पुरायचे, दोऱ्या बांधून चौकोन आखायचे आणि खुरप्यानं हळूहळू खणायचं. शाळेच्या मैदानात नुकत्याच फरशा बसवल्या होत्या, म्हणून मुख्याध्यापक म्हणाले, "तुमच्या घरी करा ना!" (दुसऱ्याचं घर खणायला सांगायला काय जातं!)

मी परसात कुंपणाजवळची जागा ठरवली. तेवढ्यात बायको, मंदा, कमरेवर हात ठेवून आली.

"तिथं माह्या मिरच्या हायेत. कडुलिंबाखाली खणा."

कडुलिंबाखाली पातेलं होतं!

त्याचं असं झालं. सहा वर्षांपूर्वी मंदा माहेरी तिवशाला गेली होती. मी तिच्या लग्नातल्या पितळी पातेल्यात तुरीची डाळ लावली आणि मॅच बघत बसलो. डाळीचा कोळसा झाला, पातेल्याचं बूड तडकलं. ते तिच्या मामांनी दिलेलं, आणि मामा वारलेले! घाबरून मी ते पुरून टाकलं. नेमकी त्याच आठवड्यात माझी थोरली बहीण तेल्हाऱ्याहून येऊन गेली होती. मंदानं आळ घेतला तो ताईवर. आणि मी? मी गप्प बसलो. तेव्हापासून भाऊबीजेला ताईनं आमच्या घरात पाय ठेवलेला नव्हता.

"कडुलिंबाखाली मुळं लई हायेत," मी म्हणालो.

"तुमी खापरं काढून राहिले का झाड उपटून राहिले?"

झालं! जागा कडुलिंबाखालीच.

मी चौकोन पातेल्यापासून जमतील तेवढे लांब आखले. पोरं आली, आणि तासाभरात मी पुरलेली खापरं, मणी सगळं निघालं. "शाब्बास! संपलं उत्खनन! चला, पोहे खा!"

"सर, थांबा," गौरी म्हणाली. (गौरी पहिल्या बाकावर बसते. अशा पोरींना शेवटच्या बाकावर बसवावं.) "चौकोनाबाहेर माती भुसभुशीत हाय. तुमीच सांगतलं, माती भुसभुशीत म्हंजे कोणी तरी आधी खड्डा केला."

"उंदरानं केला असंल."

"एवढा मोठा उंदीर, सर?"

सगळी पोरं तिकडे! मी घसा फोडून ओरडतोय, पण ऐकतो कोण! पाचव्या मिनिटाला प्लॅस्टिकचं पोतं निघालं, पोत्यातून पातेलं.

"सर, शिलालेख!" पोरांनी एका सुरात वाचला, "चि. सौ. कां. मंदा हिस मामाकडून सप्रेम भेट." (भांड्यावर नाव घालायची पद्धत ज्यानं काढली, त्याला माझा साष्टांग नमस्कार!)

मंदा पोह्यांचं ताट घेऊन येत होती. ती जागीच थांबली.

"बुडाशी डाळ करपली हाय," गौरी निष्कर्ष काढत होती. "म्हंजे स्वयंपाक न येणारं माणूस. अन् सर, हे ज्या रद्दीत गुंडाळलं ना, तो आपल्या शाळेचा पेपर हाय. सातवी, इतिहास."

"शाब्बास," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? शिक्षक ना मी!

मंदानं ताट खाली ठेवलं. "सहा वर्षं मी ताईले चोर समजून राहिले. अन् तुमी माह्यासमोर बसून जेवत होते?" पोरांसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "फोन लावा ताईले. आत्ता. इथंच."

लावला. सगळं कबूल केलं. मंदानं फोन हिसकावून घेतला, "ताई, चुकलं माह्यं. तुमी या ना."

तिकडून ताईचा आवाज आला, "येते वं मंदा. पन त्या गाढवाले म्हनाव, गॅसपाशी जाऊ नको."

यंदा भाऊबीजेला ताई आली. दोघी मिळून दिवसभर मला हसल्या, आणि मला बरं वाटलं.

पण तेव्हापासून घरात साधा चमचा जरी सापडला नाही, तरी मंदा कोणालाच काही विचारत नाही. मुकाट्यानं खुरपं आणते आणि माझ्या हातात देते!